थोरली, धाकटी आणि टेम्पोभर वांगी

माझ्यासमोर वांग्याचं नाव काढू नका. आता काढलंच आहे, तर चहा गार होईपर्यंत ऐकावं लागेल. तसं आमच्या अमडापुरात हा किस्सा माझ्याहून चांगला सांगणारी चारशे माणसं आहेत. पण त्यांच्या तोंडून ऐकलात तर माझी उरलीसुरली इज्जतही जाईल. त्यापेक्षा मीच सांगते. निदान माझी बाजू तरी… छे, माझी बाजू अशी काही नाहीच.

मी संघमित्रा. गावात नुसती मित्रा. दहावीनंतर गाव सोडलं, इंजिनिअरिंगला पार तामिळनाडूत गेले, मग बंगळुरूत तीन वर्षं काचेच्या इमारतीत नोकरी केली. आणि एके दिवशी मला साक्षात्कार झाला, की माझ्या ज्ञानावर पहिला हक्क माझ्या गावाचा आहे! गावाला असा काही साक्षात्कार झालेला नव्हता. गाव सोयाबीन काढत होतं.

आले तशी मी सुधारणेला काहीतरी शोधत फिरू लागले. आणि मला बसस्टँडसमोर रफिकभाईंचं कॉम्प्युटर सेंटर सापडलं.

रफिकभाई म्हणजे साठीचे, शांत, नाकावर चष्मा घेऊन बसलेले गृहस्थ. झेरॉक्स, फॉर्म, फोटो, सगळं करतात. पण आसपासच्या गावांत त्यांचं नाव आहे ते वेगळ्याच गोष्टीसाठी. जेवणाच्या यादीसाठी! साक्षगंध, म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा असो, बाळाचा अकिका असो की तेरवी, पंगती किती ते सांगायचं, एका पंगतीला काय किती लागतं ते सांगायचं, की मशीन अख्खी यादी काढून देतं. हा प्रोग्राम त्यांच्या भाच्यानं आखातात जाण्याआधी लिहिला होता. पायथन नावाच्या संगणकभाषेत, आणि तोही तिच्या जुन्या आवृत्तीत.

पुढं फोटो बारीक करायचा दुसरा एक प्रोग्राम आला. त्याला त्याच भाषेची नवी आवृत्ती हवी होती. म्हणून रफिकभाईंच्या एकाच मशीनवर दोन्ही आवृत्त्या नांदत होत्या. पडद्यावर दोन चित्रं. एकाखाली लिहिलेलं ‘थोरली’, दुसऱ्याखाली ‘धाकटी’. यादी काढायची तर थोरलीवर जायचं, फोटो करायचा तर धाकटीवर. आणि मॉनिटरला चिकटवलेला कागद : ‘एका वेळी एकच.’

“हे काय आहे?” मी विचारलं.

“दोन जावा हायेत बेटा,” रफिकभाई म्हणाले. “घर एक, चुली दोन. दोघींले एकदम आवाज देला की मशीन रुसते.”

मला हसू आलं. मी बंगळुरूत जे केलं ते गावाला पन्नास वर्षं कळणार नाही, अशा प्रकारचं ते हसू होतं. तुम्ही पाहिलं असेल ते. बाहेर शिकून आलेल्या प्रत्येकाच्या तोंडावर पहिले सहा महिने असतं.

पण खरा राग मला आला तो पुढचा प्रकार पाहून. यादी छापून निघाली, की रफिकभाई ती मोठ्यानं वाचायचे. समोर दोन माणसं हवीतच, एक यजमान आणि एक आचारी.

“वांगे, पंधरा किलो.”

आचारी म्हणणार, “हाव.” यजमान म्हणणार, “हाव.”

“कांदे, नऊ किलो.”

“हाव.” “हाव.”

दोन ‘हाव’ पडल्याशिवाय पुढची ओळ नाही! मधेच आचारी म्हणणार, “थांबा भाई, थंडीचे दिवस हायेत, लोकं भाजी जास्त खातात, सोळा करा.” मग त्यावर चर्चा, मग चहा. एका यादीला अर्धा तास. मी मनात म्हटलं, संगणक घेतला कशाला मग? बैलगाडीला इंजिन लावायचं आणि पुन्हा बैलही जुंपायचे?

मी रफिकभाईंसमोर खुर्ची ओढली.

“रफिकभाई, ही तुमची थोरली मेलेली आहे.”

“या अल्ला! कवा?”

“म्हणजे बनवणाऱ्यांनीच तिच्याकडे लक्ष देणं कधीचं सोडलंय. तिला आता कुणी वाली नाही.”

“मंग काय झालं? आमच्या म्हाताऱ्या फुफीकडंबी कोनी लक्ष देत नाही. चार भाकरी तर थापते ना रोज?”

“पण दोन-दोन आवृत्त्या कशाला सांभाळायच्या? सगळं नवीवर नेऊ. मी करून देते. फुकट!”

“बेटा, चालू गाडीचं चाक बदलू नई.”

यावर मी त्यांना तासभर भाषण दिलं. प्रगती, समाज, ग्रामीण भारत, मधला माणूस काढून टाकण्याचं महत्त्व. त्यात चार गिऱ्हाईकं झेरॉक्स न काढताच परत गेली. शेवटी रफिकभाई उठले, बहुधा कंटाळून, आणि म्हणाले, “गुरुजीची पोरगी हायेस तू. कर काय कराचं ते.”

गुरुजी म्हणजे माझे बाबा. जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवलं त्यांनी. गावातली अर्धी माणसं त्यांच्याकडून पाढे शिकलेली. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

बसले मी. थोरलीचा प्रोग्राम धाकटीकडे दिला. धाकटी लगेच लाल अक्षरांत ओरडली. इथं कंस नाही. घातला कंस. तिथं कंस नाही. घातला. मग म्हणाली, गुणाकार जमत नाही, पंगतींचा आकडा हा आकडाच नाही. मी त्या एका ओळीत तिला समजावलं, की बाई, हा आकडा आहे. ती गप्प झाली. लाल अक्षरं संपली. आणि लाल अक्षरं संपली म्हणजे काम झालं, हा माझा त्या वेळचा धर्म होता.

रफिकभाईंसमोर चाचणीही घेतली. पंगती एक. एका पंगतीला वांगी पाच किलो. यादीत आलं, वांगी पाच किलो!

“बघा!” मी म्हणाले.

“बराबर हाये,” रफिकभाई म्हणाले. “पन एकच पंगत कोनाच्या घरी रायते बेटा?”

आता विचार करा, हा माणूस बारावी नापास. आणि मी… जाऊ द्या.

मग मी स्वच्छता मोहीम काढली. थोरलीला मशीनवरून काढून टाकलं. मुळासकट! आणि वर माझी खास भर घातली. यादी निघाली की छापायची नाही, वाचायची नाही, थेट चिखलीच्या भाजीवाल्या शेठच्या मोबाईलवर जायची. पडद्यावर फक्त हिरवी खूण, ‘यादी पाठवली’. मधे चष्मा नाही, चहा नाही, ‘हाव’ नाही.

या नव्या व्यवस्थेचं उद्घाटन कोणाच्या कार्यानं व्हावं? माझ्याच बहिणीच्या!

करुणाताईचं साक्षगंध ठरलं होतं. मुलगा लोणारचा. पाहुणे मोजून दीडशे, म्हणजे पन्नास-पन्नासच्या तीन पंगती. आता आमच्याकडे कार्यात काय झालं तर चालतं? मंडप उडाला तरी चालतो. पंगतीला अन्न कमी पडलेलं चालत नाही. गावात एक घर आहे, तिथं कधीकाळी तिसऱ्या पंगतीला पोळ्या सरल्या होत्या. ज्यांच्या हातून सरल्या ती माणसं गेली, घर विकलं गेलं, नवे लोक राहायला आले, तरी पत्ता सांगताना अजून ‘पोळ्या सरल्या त्या घराच्या बाजूले’ असंच म्हणतात. म्हणून ताईनं मला एकटीला गाठून सांगितलं होतं, “मित्रा, बाकी काई होऊ दे. पंगत उपाशी उठली नाई पाह्यजे. मले जन्मभर त्या घरी राहाचं हाये.”

“तू निश्चिंत राहा,” मी म्हणाले. “आता सगळं संगणकावर आहे.”

किराण्याची यादी बाबांनी आधीच, थोरली हयात असताना, दोन-दोन ‘हाव’ देऊन काढली होती. कणिक, तांदूळ, डाळ, सगळं दीडशे माणसांपुरतं घरात येऊन पडलं होतं. राहिली होती भाजी. ती मी दोन दिवस आधी मशीनला सांगितली. वांगी पाच किलो, कांदे तीन, टमाटे दोन, मिरची एक. पंगती तीन. टक्! हिरवी खूण! पंधरा सेकंद लागले. मी घड्याळात पाहिलं आणि उरलेला अर्धा तास प्रगतीवर विचार केला.

संध्याकाळी शेठचा फोन.

“मॅडम, यादी भेटली. बराबर हाये ना? नाई, जराशी मोठी वाटून राह्यली.”

इथं, बरं का, इथं देवानं, नशिबानं, शेठनं मला एक संधी दिली होती. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, “शेठ, यादी माणसानं नाही, संगणकानं काढली आहे. त्यात चूक होत नसते.”

“तसं नाई मॅडम. एवढे वांगे मी फक्त हिवरा आश्रमाच्या महाप्रसादाले जातानी पाह्यले. तिकडं उतरवाचे हायेत काय?”

“नाही, अमडापूर. घरगुती कार्यक्रम आहे. साक्षगंध.”

शेठनं आवाज एकदम खाली आणला. मग अत्यंत आदरानं, “लय मोठं घर दिसते तुमचं!”

आता मला काय वाटलं असेल? मला वाटलं, शेठला माझ्या पद्धतीचं कौतुक वाटतंय. मी खास आवाज लावून सांगितलं, “आणि एक किलोसुद्धा कमी नको. यादीत जे आहे तेच.”

“काहून कमी येईन मॅडम? चार गावचे मळे खाली करतो!”

हे मला अलंकारिक वाटलं.

साक्षगंधाच्या दिवशी सकाळी सातला दारात टेम्पो थांबला. मागचं फळकं उघडलं आणि वांगी निघाली. पोती निघाली, क्रेट निघाले, पुन्हा पोती. मंडपाच्या एका कोपऱ्यात ढीग झाला, मग तो कोपरा सोडून मधे आला. आई ओसरीवर येऊन थिजली. शेषराव आचारी चुलवण पेटवत होते. ते हातातली काडी विझेपर्यंत बघत राहिले.

“बाई,” ते मला म्हणाले, “एवढे वांगे चिरेपर्यंत तुमच्या बहिणीचं लगन होईन, लेकरं होतीन, त्यायचंबी साक्षगंध होईन.”

“मिरच्या कुठं टाकू?” ड्रायव्हरनं विचारलं.

“किती आहेत?” मी.

“एकशे अकरा किलो.”

शेजारी उभी असलेली आमची म्हैस दोन पावलं मागं सरली. मी डोळ्यांनी पाहिलं.

बाबा आतून आले. ड्रायव्हरच्या हातातून यादी घेतली. मागोमाग रफिकभाईही आले होते, त्यांनी बाबांच्या खांद्यावरून चष्मा लावून वाचलं, आणि सवयीनं मोठ्यानंच वाचलं.

“वांगे, पाचशे पंचावन्न. कांदे, तीनशे तेहतीस. टमाटे, दोनशे बावीस. बेटा, हे वजनं हायेत का गाड्यायच्या नंबरप्लेटा?”

बाबांनी यादी उजेडात धरली. पस्तीस वर्षं पाटीवरच्या चुका पाहिलेला माणूस तो. एकदा यादी पाहिली, एकदा मला पाहिलं.

“मित्रा, पाच त्रिक?”

भर मंडपात! सव्वीस वर्षांची मी, इंजिनिअर, हाताची घडी घालून उभी राहिले. “पंधरा, बाबा.”

“मग हे काय आहे?”

आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. बघा, भानगड अशी आहे. थोरलीला तुम्ही पाच टाइप करून दिलं, की ती त्याला आकडा समजते. धाकटी कशाचाच भरवसा धरत नाही. तुम्ही टाइप केलेलं सगळं तिच्या लेखी नुसती अक्षरं. आकडा हवा असेल तर प्रत्येक जागी वेगळं सांगावं लागतं. मी सांगितलं होतं, पण एकाच जागी, पंगतींच्या. वांग्यांच्या जागी नाही. आणि अक्षराला तीननं गुणलं की धाकटी काय करते? ते अक्षर तीनदा लिहिते. पाच, पाच, पाच! आणि एका पंगतीची चाचणी घेतली तर? पाच एकदा लिहिला. बरोबर!

हे सगळं मी बाबांना समजावून सांगितलं. बाबांनी शांतपणे ऐकलं.

“म्हणजे तुझी ती नवी भाषा पाढे शिकलीच नाही,” ते म्हणाले. “नुसती घोकते.”

टेम्पो परत पाठवावा, शेठचे पाय धरावेत, असं आमचं ठरत होतं. तेवढ्यात दारात जीप थांबली आणि नवऱ्या मुलाचे मामा उतरले. साड्या आणि मिठाईचे पुडे घेऊन पुढं आले होते. त्यांनी तो ढीग पाहिला. पायापासून शेंड्यापर्यंत पाहिला. टोपी मागं सरकवली.

“गुरुजी! मानलं तुमाले! आमी तं समजलो दीडशेतच आटोपून राह्यले तुमी!”

बाबांनी तोंड उघडलं. बंद केलं. ‘माझ्या इंजिनिअर मुलीला पाच त्रिक येत नाही’ हे वाक्य व्याह्याच्या माणसासमोर कुठला बाप बोलेल? ते म्हणाले, “आपलं… असावं थोडं जास्त.”

झालं! मामांनी खिशातून फोन काढला. “अरे, ऐकून राह्यला का? गाडीत जागा नाई म्हनून ज्याले ज्याले घरी ठेवलं ना, सगळ्यायले घेऊन ये. हाव, सगळ्यायले! बस कर, ट्रॅक्टर कर, काहीबी कर. इथं वांग्याचा डोंगर उभा हाये, खाले मानूस नाई!”

ताई खिडकीतून ऐकत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. ते कसं पाहिलं ते मी सांगणार नाही, सख्खी बहीण आहे माझी.

आता हिशेब करा. थोरलीचा करा, धाकटीचा नको! दोन तासांत लोणारहून आणखी अडीचशे माणसं येणार. वांगी किती? साडेपाच हजारांना पुरतील इतकी. कणिक किती? दीडशेपुरती. म्हणजे भाजी आहे आणि भाजीशी खायला काहीच नाही! ‘पोळ्या सरल्या त्या घराच्या बाजूले’ हा पत्ता आता आमच्या दिशेनं सरकत येताना मला दिसत होता. मी घाबरून लॅपटॉप उघडला.

“ते बंद कर आधी,” आई म्हणाली. त्या सकाळपासून ती पहिल्यांदाच बोलली.

मार्ग काढला तो शेषरावांनी. ढिगाकडे बघत ते म्हणाले, “घरोघर वांगे वाटा. आन् सांगा, दोन किलो वांगे घ्या, पंधरा भाकरी द्या.” मग माझ्याकडे वळून, “पंधरा म्हंजी एकावर पाच हो बाई. गोंधळ नोको.”

रफिकभाईंनी मंडपातला माईक घेतला आणि गल्लीवार पुकारा केला. काय सांगू, बाया परातीच घेऊन निघाल्या! रफिकभाईंच्या घरून फुफीनं थापलेल्या भाकरी आल्या. तीच ती, जिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. पंधरा सांगितल्या होत्या, तिनं तीस धाडल्या. मोहल्ल्यातून रोट्या आल्या, बौद्धवाड्यातून ज्वारीच्या भाकरी, वरच्या आळीतून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या. प्रत्येक टोपली दारात आली की रफिकभाई मोठ्यानं वाचायचे, “पंधरा!” शेषराव म्हणायचे, “हाव.” बाबा म्हणायचे, “हाव.” आणि मी? मी पदर खोचून वांगी चिरत होते. बंगळुरूत मला ज्या कामाचा पगार मिळायचा, त्यापेक्षा हे काम मला बरं जमत होतं, असं आईचं मत पडलं.

बुद्धवंदना झाली, साक्षगंध झालं. आठ पंगती उठल्या आणि एकही उपाशी उठली नाही. जाताना मामांनी बाबांचे दोन्ही हात धरले. “गुरुजी, अख्ख्या गावच्या हातची भाकर खाऊ घातली तुमी आमाले. असं साक्षगंध आमच्या लोणारात झालं नाई.” बाबांनी मान लववली. माझ्याकडे बघितलं नाही, हे त्यांचे उपकार.

वांगी मात्र संपली नाहीत. पुढचे पंधरा दिवस गावात ज्या घरात जावं तिथं वांगी. भरीत, भाजी, वाळवलेल्या फोडी. बाया मला पाहून पदर तोंडाला लावायच्या, आणि पोरं शाळेत जाताना बाबांच्या चालीत म्हणायची, “पाच एके पाच, पाच दुणे पंचावन्न, पाच त्रिक पाचशे पंचावन्न!” चुकलेलं असूनही अगदी बरोबर होतं. धाकटीनं हेच उत्तर दिलं असतं.

आठवड्यानं मी मान खाली घालून रफिकभाईंकडे गेले. त्यांनी बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. त्यात फडक्यात गुंडाळलेली एक सीडी होती. थोरली! भाच्यानं जाताना दिलेली.

“तुम्ही ठेवली होती?” मी विचारलं.

“घरातलं म्हातारं मानूस असं कोनी फेकते काय बेटा?”

ती मी माझ्या हातानं परत बसवली. पडद्यावर पुन्हा दोन चित्रं, यादीचं काम थोरलीकडे, फोटोचं धाकटीकडे, एका वेळी एकच. फक्त मॉनिटरवरच्या कागदाखाली आता रफिकभाईंनी दुसरा एक कागद चिकटवला आहे : ‘धाकटीकडे हिशोबाचे काम देण्याआधी तिला पाच त्रिक विचारणे. पंधरा म्हणाली तरच पुढे जाणे.’

त्याखाली एक ओळ वेगळ्या अक्षरात आहे. वळणदार, पाटीवरच्यासारखं अक्षर. ते मी जगात कुठंही ओळखेन, कारण मला अ-आ-ई त्याच अक्षरात शिकवलं गेलं : ‘मित्रा मशीनवर बसल्यास तिलाही विचारणे.’

लोक विचारतात हो खरोखर! परवा फॉर्म भरायला आलेल्या एका आजीबाईंनी मी खुर्चीवर बसताच आधी तो कागद कोणाकडून तरी वाचून घेतला, मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“सांग वं माय, पाच त्रिक किती?”

“पंधरा, आजी,” मी म्हणाले.

पण खोटं कशाला बोलू, सांगण्याआधी टेबलाखाली बोटांवर मोजून घेतलं होतं.